चैतन्य ताम्हाणेंचे दोन सिनेमे

'कोर्ट' (२०१४) मोबाइलवर पाहू नका. कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी ठेवलेला. माणसं चौकटीत इतकी लहान, की मागच्या बाकांवरची चुळबुळ छोट्या पडद्यावर दिसतच नाही. आणि खरी गंमत तिथेच! साक्षीदार मराठी-हिंदीत बोलतो, न्यायाधीश नोंद इंग्रजीत सांगतात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कलमं वाण्याच्या यादीसारखी वाचते, कमाल काम.

'द डिसायपल'ला (२०२०) हेडफोन हवेतच. नायक रात्री मोटारसायकलवरून जातो, तेव्हा कानावर पडतो तो गानगुरू माईंचा आवाज (तो दिलाय सुमित्रा भावेंनी) आणि खाली तंबोरा. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर खर्ज गायब होतो. हे प्रसंग संथगतीत आहेत, म्हणून टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' हे सेटिंग (मधल्या फ्रेम स्वतःच भरणारं) आधी बंद करा, नाहीतर चित्र नको इतकं गुळगुळीत होतं. उत्तरार्ध थोडा लांबलाय, एवढीच तक्रार.