बगीचा उक्ता न देता

2023 चा संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे ऑक्टोबरात तोडणीला येणारं पीक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी काटोलजवळच्या आमच्या शेतात आला, दोन ओळी फिरला आणि बांधावरच बोलला, "भाऊ, एक लाख साठ. बांगलादेशनं ड्यूटी पाहा किती केली!" यात खोटं काही नव्हतं. तिथं जाणाऱ्या आपल्या संत्र्यावरची आयात ड्यूटी 2019 पासून चौपटीच्या वर गेली होती. पण दोन एकरांत माल किती, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तेच मला खुपलं. वीस वर्षं बगीचा उक्ता दिला, म्हणजे झाडावरचा सगळा माल व्यापाऱ्याला एकरकमी. स्वतःचं फळ कधी तोललंच नव्हतं. इसार घेतला नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आधी झाडं मोजली. लावली होती 220, उरली 190. बाकीची डिंक्या रोगानं नेली. मग तोडाई शिकलो. म्हणजे चूक करून शिकलो. पहिल्या दिवशी मजुरांनी नेहमीसारखी संत्री ओढून तोडली. नागपुरी संत्र्याची साल सैल, देठाशी भोक पडतं, आणि चार दिवसांत एक सडकं फळ अख्खं क्रेट घेऊन बसतं. सात क्रेट उकिरड्यावर गेले. दुसऱ्या दिवशी नागपूरहून कात्र्या आणल्या. देठ ठेवून कापायचं, दव सुकल्यावरच झाडाला हात लावायचा.

सगळ्यात कठीण गेलं ते नागपुरातलं गिऱ्हाईक. ऑक्टोबरात आंबियाचं फळ आतून गोड होतं, पण साल हिरवटच राहते. प्रतापनगरच्या एका सोसायटीत पहिल्या रविवारी बारा क्रेट नेले. बाया लांबूनच म्हणाल्या, "कच्ची आहेत, काकाजी." मित्राचा ब्रिक्समीटर, रसाची गोडी मोजायचं यंत्र, मागून आणला, समोर रस टाकून दाखवला, 10 च्या वर आकडा आला. मीटर कोणी पाहिला नाही. एका आजीनं फोड तोंडात टाकली नि दोन किलो मोजून घेतली, तिच्यामागे बाकीच्या आल्या. पुढच्या रविवारपासून मीटर घरीच.

सहा रविवारांत दीड टन गेला, 50 रुपये किलोनं. साडेपाच टन नागपूरच्या कळमना बाजारात सरासरी 24 नं. दोन टन चुरी, म्हणजे बारीक-डागी फळ, 8 नं. एकूण 2,23,000. तोडाई, क्रेट, गाडी यांचे 41,000 वजा करा. हाती 1,82,000, म्हणजे उक्त्यापेक्षा 22,000 जास्त. त्यात माझी आणि बायकोची महिनाभराची मजुरी धरलेली नाही. तिनं ती धरायला लावली असती तर हिशेब असा छापला नसता.

चुरीनं मात्र डोळे उघडले. व्यापारी उक्ता घेतो तेव्हा बारीक, डागी, सगळंच उचलतो. आपण विकायला बसलो की मोठं फळ हातोहात जातं आणि चुरी पडवीत साचते. रसवाल्याला एकट्याचे दोन टन परवडत नाहीत, त्याला ट्रक भरून लागतो. आता गावातले सहा जण चुरी एकाच दिवशी तोडायचं ठरवतो आहोत. दोघांचं पाण्याच्या पाळीवरून जमत नाही, म्हणून अडलं आहे.

पुढच्या पोळ्याला तोच व्यापारी आला. चहा पाजला आणि विचारलं, फक्त चुरी घेता काय? तो हसत सुटला. "भाऊ, मोठं तुम्ही ठेवा, चुरी मी नेऊ? काऊन?"