एक नळी कमी होती

मे महिन्यातल्या ग्रुपला मी मुंबई विमानतळावरच बजावते, स्वेटर बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. कुणी ऐकत नाही. आफ्रिका म्हटलं की ऊन, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. जोहान्सबर्ग साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर, आणि मे-जून हा तिथला हिवाळा. साडेपाचच्या आसपास दिवस मावळतो आणि पाठोपाठ थंडी उतरते. मग सांस्कृतिक गावातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला आमची मंडळी हॉटेलचे टॉवेल पांघरून कुडकुडत बसतात, आणि समोर पोरं उघड्या अंगाने नाचत असतात.

दक्षिण आफ्रिकेच्या टूरवर हा ठरलेला कार्यक्रम. जोहान्सबर्गहून बसने जाता येतील अशी गावं आहेत, त्यातलं हे कुठलं ते सांगत नाही. एका आवारात पाच वस्त्या बांधलेल्या असतात: झुलू, खोसा, पेडी, बासोथो आणि न्देबेले. खरं तर झुलूंचा मुलूख पूर्वेला समुद्राकडे, पेडींचा उत्तरेला लिंपोपोत, बासोथो डोंगरात लेसोथोच्या बाजूला. पर्यटकाला एवढं हिंडायला वेळ नसतो, म्हणून एकाच संध्याकाळी सगळे. तिथे कुणी राहत नाही. नाचणारे, गाणारे, बिअरचं मडकं पुढे करणाऱ्या मावशी, सगळे पगारी. कार्यक्रम संपला की जीन्स चढवतात आणि मिनिबसने घरी जातात. यात लपवण्यासारखं काही नाही. झुलूंच्या मुलखातलं, एशोवेजवळचं असंच गाव शाकालँड, ते तर झुलू राजा शाकावरच्या टीव्ही मालिकेसाठी १९८० च्या दशकात उभारलेला सेट होता, शूटिंग आटोपल्यावर तोच पर्यटकांना खुला झाला.

आता माझं खरं काम. लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे झेंडा धरून पुढे चालणारी बाई. माझी निम्मी संध्याकाळ स्वयंपाकघरात जाते. बुकिंगमध्ये 'व्हेज' लिहिलेलं असतं, ते तिथल्या आचाऱ्याच्या लेखी 'ताटात मांसाचा तुकडा नको' एवढंच. मोरोगो म्हणजे रानभाजी, दिसायला पूर्ण सात्त्विक, पण तिच्यात बीफच्या चवीची क्यूब विरघळलेली असू शकते. सँप आणि बीन्स, म्हणजे भरडलेला मका आणि घेवडा, छान लागतं, पण कधीकधी हाडाच्या पाण्यात शिजवतात. मी आत जाऊन प्रत्येक पातेल्याचं झाकण काढते आणि पाणी कशाचं, हेच विचारते. 'व्हेज आहे का' असं विचारलं तर उत्तर कायम 'हो' येतं. पाप, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, निर्धास्त खावा. चकालाका, म्हणजे भाज्यांचं तिखट कालवण, तेही खावं, फक्त त्यात कांदा असतो, म्हणून जैन मंडळींसाठी भोपळा वेगळा उकडून घ्यावा लागतो. निखाऱ्यावरची मक्याची कणसं मगर आणि इम्पाला हरणाच्या मांसाशेजारी, त्याच जाळीवर भाजतात. मी जाळी वेगळी मागते. आचारी आता मला लांबून पाहूनच जाळी धुवायला घेतो. एवढं करून माणसं बाहेर ठेपले आणि लसणाची चटणी काढून बसतात ते निराळंच.

त्या दिवशी सकाळी आम्ही अपार्थाइड म्युझियम, म्हणजे तिथल्या वर्णभेदाचं संग्रहालय, केलं होतं. तिथे तिकिटावरच 'गोरे' किंवा 'गोरे नसलेले' असं छापलेलं मिळतं, ज्याच्या हाती जे येईल ते, आणि त्या-त्या दारानेच आत जावं लागतं. आत शिरताच जुनी ओळखपत्रं टांगलेली दिसतात. आमच्या ग्रुपमधले अकोल्याचे काका, निवृत्त सरकारी अधिकारी, त्यांच्या हाती 'गोरे नसलेले' आलं आणि काकूंच्या हाती 'गोरे'. काकांना ते मुळीच रुचलं नाही. पण बसमध्ये बसल्यावर त्यांनीच माईक घेऊन गांधीजींनी १९०८ मध्ये याच शहरात मशिदीसमोर भारतीयांची नोंदणीपत्रं कशी जाळायला लावली, ते सांगितलं. तारखेसकट, बिनचूक. टाळ्या पडल्या. माणूस वाचणारा आहे, हे मी आधीच कबूल करते.

संध्याकाळी गावात फेरी झाली. झुलू वस्तीच्या मधोमध गुरांचा गोठा आणि भोवती गोल झोपड्या. न्देबेलेंच्या रंगीत नक्षीच्या भिंतींपाशी फोटोंसाठी रांग लागली. तिथे मी नेहमी न्देबेले चित्रकार एस्थर माहलांगू यांच्याबद्दल सांगते, ज्यांनी १९९१ मध्ये याच नक्षीने बीएमडब्ल्यूची अख्खी गाडी रंगवली. भिंत कुणी ऐकत नाही, गाडी म्हटल्यावर माना वळतात. बासोथो वस्तीत बायकांचा जीव तिथल्या जाड लोकरी ब्लँकेटांवर अडकला, तो कलेपेक्षा थंडीमुळे जास्त. मग ज्वारी-मक्याची बिअर आली, उमकोंबोथी. बनवणारी आधी स्वतः घोट घेते, मग मडकं पाहुण्यांकडे. आमच्याकडे तोंडं वाकडी झाली. मिरजेच्या बाईंनी मात्र दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "आंबील की हो ही, जरा चढलेली." ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच आणि तिथूनच आपल्याकडे आली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. इतरांना तेव्हा वॉशरूम कुठे आहे ते हवं होतं.

या बाई शाळेत संगीत शिकवायच्या. माहेर तंतुवाद्यं बनवणाऱ्या गल्लीतलं, त्यामुळे कान तयार. अख्ख्या टूरमध्ये प्राण्यांमागे फारशा धावल्या नाहीत. क्रूगरला सगळे सिंह शोधत होते तेव्हा त्या पक्षी ऐकत होत्या.

मग मधल्या मोठ्या गोल छपराखाली शेकोटीभोवती नाच. आधी इंदलामू, झुलूंचा लढाऊ नाच. पाय डोक्याच्या रेषेत उचलून धाडकन जमिनीवर. काकांना यातला ढोल सगळ्यात आवडला. "हा खरा आदिम आवाज," म्हणाले. झुलूंच्या जुन्या नाचात टाळ्या, पायांचे ठोके आणि ढाली हाच ताल असायचा, असा मोठा दोन तोंडांचा ढोल त्यांच्याकडे गोऱ्यांच्या पलटणींच्या बँडवरून आला. मी हे सांगितलं नाही. चालू कार्यक्रमात कोण ऐकतं.

त्यानंतर गमबूट. हा नाच कुठल्याही जमातीच्या नावावर लावता येत नाही. विटवॉटर्सरँडला, म्हणजे जोहान्सबर्गच्याच पट्ट्यात, १८८६ मध्ये सोनं सापडलं आणि सगळ्या मुलखांतून माणसं खाणींत येऊन पडली. एकाची भाषा दुसऱ्याला येईना. पायात कंपनीचे रबरी बूट. त्या बुटांवर थापा मारून त्यांनी हा नाच रचला. मी नेहमी पहिल्या रांगेच्या कडेला बसते, कारण यातली मजा हातांत आहे. तळहात पोटरीच्या बाहेरच्या बाजूला पडला की आवाज भरीव येतो, घोट्यापाशी पडला की कोरडा, टाचेवर टाच आपटली की तिसराच. पुढचा एक जण ओरडून बोल देतो, "शाया!", म्हणजे मार, आणि सगळे एकदम उचलतात. एकाच्या डाव्या बुटाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि त्या पायाचा आवाज इतरांपेक्षा बसका येत होता, म्हणून तो तिथे थाप जरा जोरात देत होता. हे असलं पाहायला मी परत परत तिथे बसायला तयार आहे. आमच्यातले बरेच जण त्या वेळी व्हिडिओ काढत होते, म्हणजे पाहत नव्हते.

शेवटी पेडींच्या नळ्या. किबा म्हणतात या नाचाला. पूर्वी वेळूच्या, आता धातूच्या नळ्या असतात, आणि एका नळीतून एकच स्वर निघतो. प्रत्येक माणसाकडे एक नळी. आपली पाळी आली की फुंकायचं, लगेच थांबायचं, पाय चालूच. धून कुणा एकाची नसते, ती माणसांवरून फिरत जाते. मला हे ऐकताना छान वाटतं, कळत फारसं नाही.

बाई माझ्या शेजारी होत्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या. दोन-चार आवर्तनं ऐकून माझ्याकडे वाकल्या. "यांचा एक माणूस आज आलेला नाही का गं?"

"का हो?"

"दर फेरीत त्याच जागी खड्डा पडतोय. तिथे सूर हवाय. हे लोक त्या जागेला हलकेच थांबतायत बघ, त्याच्यासाठी."

मी गाइडला जाऊन विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. एक जण खरंच रजेवर होता, गावी मयत होती म्हणून झुलूंच्या मुलखात, क्वाझुलू-नाताळला गेला होता. शनिवार होता. तिकडे अंत्यसंस्कार बहुतेक शनिवारीच ठेवतात, नातेवाइकांना लांबून येता यावं म्हणून. त्याची नळी कुणाला दिली नव्हती, फक्त झुलू नाचातली जागा दुसऱ्याने भरली होती. गाइडने ही गोष्ट नाचणाऱ्यांना सांगितली आणि कार्यक्रम संपल्यावर ते सगळे घामाने निथळत बाईंभोवती गोळा झाले. ती रिकामी नळी आणून त्यांनी बाईंच्या हातात दिली. फुंकायला जमेना. तिसऱ्या खेपेला सूर लागला, तेव्हा एक मावशी जीभ हलवून असा काही हेल काढून ओरडली की पलीकडच्या टेबलावरचे जर्मन पर्यटक उठून उभे राहिले.

माझ्या नोकरीत असा क्षण क्वचित येतो. मी माईक घेऊन सगळा किस्सा ग्रुपला मराठीत सांगितला. बाईंसाठी टाळ्या झाल्या. काका टाळ्या वाजवत नव्हते, हिशेब करत होते.

"म्हणजे जो आला नाही तो झुलू. तो पेडींची नळी वाजवतो?"

"हो काका, सगळे सगळं करतात. मंडळी कमी आहेत ना."

"आणि त्याच्या जागी झुलू म्हणून भाला घेऊन जो नाचला, तो कोण?"

तो शेजारीच उभा होता, अंगावर आता हुडी. काकांनी त्यालाच इंग्रजीत विचारलं, तू खरा झुलू आहेस का. तो म्हणाला, मी टेंबिसाचा. टेंबिसा म्हणजे विमानतळाजवळची टाउनशिप, वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी वसवलेली वस्ती. काका म्हणाले, ते नाही, जमात कुठली. वडील पेडी, आई झुलू, बायको खोसा, त्याने हसत सांगितलं आणि विचारलं, "कुठलं लिहून घेताय?" त्या हसण्यात मला काही फार गोड वाटलं नाही. गाइड लगेच जेवायला चला म्हणाला.

जेवणानंतर पाहुण्यांना रिंगणात ओढतात. मग त्यांनी आम्हाला तुमचं काहीतरी करा म्हटलं. बायकांनी फुगडी घातली. पुरुषांनी कोळीनृत्य केलं, मोबाइलवर गाणं लावून. वल्ही मारायला सगळ्यात पुढे अकोल्याचे काका. कमरेला काकूंची ओढणी, डोक्यावर पेपर नॅपकिनची टोपी. गमबूटवाल्या पोरांना वल्ह्यांचा ताल दुसऱ्याच मिनिटाला कळला आणि त्यांनी बुटांवर साथ धरली. मनापासून नाचले काका, त्यात खोट काढायची नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे.

परत आल्यावर आठवड्याभरात त्यांची तक्रार आली. दोन पानी, मुद्द्यांना क्रमांक. 'डमी कलाकार दाखवून फसवणूक', 'गावात कुणीही वास्तव्यास नाही', सबब त्या दिवसाचे पैसे परत मिळावेत. आमच्या ऑफिसात तक्रार कुणी वाचत नाही, मिटवतात. काकांना पुढच्या टूरसाठी सवलतीचं कूपन गेलं आणि मला मेल आला: यापुढे तिथल्या एजंटकडून लेखी घ्यावे की कार्यक्रमातील कलाकार त्या त्या जमातीचेच आहेत.

ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने हा मेल सहज लिहिला असणार. तिची चूक म्हणत नाही, तिला रोज असे शंभर मेल टाकायचे असतात. पण मी हे कुणाला पाठवू? आमचा तिथला एजंट पन्नाशी ओलांडलेला, सोवेटोत, जोहान्सबर्गच्या काळ्यांच्या टाउनशिपमध्ये, वाढलेला. १९७० मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून प्रत्येक काळ्या माणसाला जमातीप्रमाणे कुठल्या ना कुठल्या 'होमलँड'चा, म्हणजे त्या जमातीसाठी आखून दिलेल्या मुलखाचा, नागरिक ठरवलं, जन्म सोवेटोत झालेला असला तरी. शहरात राहण्याच्या परवान्याशिवाय, म्हणजे पासाशिवाय, सापडला की तुरुंग. याच पासांविरुद्ध शार्पविल टाउनशिपमध्ये १९६० मध्ये निदर्शनं झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. पासाचा कायदा १९८६ मध्ये रद्द झाला, म्हणजे एजंटच्या घरातल्या मोठ्यांनी तो खिशात बाळगला असणार. आणि आता मी त्याला लिहायचं की कृपया नाचणाऱ्या पोरांच्या जमातीचा दाखला पाठवा, आमच्या पाहुण्यांची तशी मागणी आहे.

एक सहकारी म्हणाला, अगं, एवढं काय, 'सर्व कलाकार स्थानिक आहेत' असं मोघम लिहून घे, दोन्हीकडचं भागेल. तो हुशार आहे, वर्षभरात मॅनेजर होईल. दुसरी म्हणाली, निघतानाच ग्रुपला सांगून टाक की हे व्यावसायिक कलाकार आहेत. ते मला पटतं, पण तसं सांगितलेल्या ग्रुपबरोबरही मी तिथे गेले आहे. पोरं नाचत असताना मागून कुजबुज चालते, "सगळं नाटक आहे हो," आणि मग गमबूटकडेही कुणी बघत नाही. जणू पगार घेतला की थाप खोटी पडते. नाट्यगृहात तिकीट काढून बसतो तेव्हा शिवाजीचं काम करणाऱ्याची जात विचारतो का आपण? बरं, विचारतोही कदाचित.

बाईंचा फोन आला होता मध्ये. तो रजेवरचा मुलगा परत आला का आणि ती नळी नेमकी कुठल्या सुरात होती, हे त्यांना हवं होतं. मी गाइडला विचारलं, त्याने नळी वाजवून रेकॉर्डिंग पाठवलं, मी पुढे पाठवलं. मुलगा परत आलाय.

ऑफिसचं स्मरणपत्र कालच आलं, शुक्रवारपर्यंत दाखल्याचं काय ते कळवा म्हणून. मी उत्तराचे तीन मसुदे केलेत. एकात कायद्याचं साल आहे, एकात राजीनाम्याची भाषा आहे ती काढून टाकणार आहे, आणि तिसऱ्यात मजकूर काहीच नाही, फक्त कोळीनृत्याचा व्हिडिओ जोडलाय. हा तिसरा पाठवावा असं फार वाटतं. पण काका पुढच्या वर्षी केनियाला येतायत, कूपन घेऊन, आणि ग्रुप माझाच आहे.