खर्जाच्याही खाली: ड्रॉप ए आणि तीन हाय-गेन अँप

सात तारांची गिटार, खालची बी तार उतरवून ए. म्हणजे ५५ हर्ट्झ. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला लावला तर त्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास बसतो. आपण त्याच्याही खाली उतरलोय. गेल्या नोंदीत ‘आता फक्त अँप ठरवायचा’ (मेटलसाठीचा, हाय-गेन, म्हणजे आवाज भरपूर फाडणारा) असं लिहून मोकळा झालो होतो. या पंधरवड्यात लक्षात आलं की प्रश्न अँपच्या आधीच सुरू होतो.

पहिली अडचण नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीची. ६४ ची (०.०६४ इंच जाडीची) तार मूळच्या खाचेत बसेना. वरच तरंगायची आणि ट्यून करताना ‘टिक्’ करून अडकायची. मग गिटार पाठीला लावली आणि सांगलीच्या विश्रामबागेतून सरळ मिरजेला गेलो, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कानस चालवणारा तो हात त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे. कारागिरांनी खाच दहा मिनिटांत करून दिली. काम चालू असताना शेजारी एक तंबोरा जवारीला लागला होता. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा त्यांनी नखानं केसभर पुढं ढकलला, आणि तोवर मुका वाटणारा स्वर एकदम उघडला, झणझणायला लागला. पुन्हा केसभर मागं, पुन्हा मुका. मग माझ्या गिटारकडं बघून म्हणाले, “तार जाड लावली, वर ढिली केली. आता घोडीकडं कोण बघणार? खर्जाचा दोरा नेहमी निराळाच लावावा लागतो.”

ते बोलत होते इंटोनेशनबद्दल, म्हणजे तार वरच्या पडद्यांवरही सुरात बोलण्याबद्दल, आणि घरी आल्यावर सॅडल (घोडीवरचा तार टेकायचा तुकडा) मागं घेऊन ते दुरुस्तही केलं. पण ते वाक्य मला रविवारभर पुरलं.

रविवारी साताऱ्याचा मित्र एसटीनं आला, मांडीवर अँपचं हेड (स्पीकरशिवायचा अँप) घेऊन. त्यानं स्वतः बांधलेलं आहे: मार्शलच्या २२०४ चं सर्किट, म्हणजे जेसीएम८०० चा ५० वॉटचा प्रकार, दोन ईएल३४ पॉवर ट्यूब. ट्रान्सफॉर्मर त्यानं साताऱ्यातच वाइंड करून घेतलाय. दुसरं हेड माझं पीव्ही ६५०५, सेकंडहँड. नवीन मंडळींसाठी सांगतो, हा तोच ५१५०, जो १९९२ मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हॅलनसोबत आला. २००४ मध्ये एडी कंपनीपासून वेगळा झाला, नाव त्याच्याबरोबर गेलं, आणि कंपनीच्या १९६५ ते २००५ या चाळीस वर्षांवरून त्याच अँपला ६५०५ म्हणायला लागले. तिसरा मेसा ड्युअल रेक्टिफायर. तो हातात नाही, कोल्हापुरातल्या एका स्टुडिओतल्या खऱ्या हेडचा कॅप्चर (आवाजाची सॉफ्टवेअर नक्कल) आहे, न्यूरल अँप मॉडेलरमध्ये घेतलेला.

रीत अशी ठेवली. एकच रिफ (गिटारचा छोटा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) एकदाच डीआय, म्हणजे अँपशिवाय सरळ, रेकॉर्ड केला आणि तोच तिन्हींतून पाठवला. दोन्ही खरी हेडं लोड बॉक्सवर, म्हणजे स्पीकरऐवजी जोडायच्या डब्यावर. (ट्यूब अँप स्पीकर किंवा लोड न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. दर नोंदीत लिहितो, लिहीत राहणार.) तिन्हींना कॅबचा (स्पीकरच्या पेटीचा) आयआर, म्हणजे त्या पेटीच्या आवाजाचा डिजिटल ठसा, एकच: व्हिंटेज ३० स्पीकर आणि एसएम५७ माइक. शेवटी तिन्ही ट्रॅकचा आवाज मीटरवर अर्ध्या डेसिबलच्या आत आणला. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला भारी वाटतो, आणि आपल्यातले निम्मे वाद तिथंच जन्माला येतात.

पहिल्या फेरीत कुठलाच पेडल नाही. ६५०५ च्या लीड चॅनलवर प्री गेन ७. निकाल: तिन्हींचा चिखल. रेक्टिफायरचा सर्वात जास्त, त्याचं लो-एंड पसरतं आणि पाम म्यूट (तळहातानं तार दाबून वाजवलेला आखूड स्वर) संपल्यावरही मागं रेंगाळतं. २२०४ चा सर्वात कमी, पण तिथं गेनच पुरेना.

चिखल का होतो यावर मित्रानं वहीत आकडे मांडले, ते जसेच्या तसे देतो. ए चा पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम, ५५ आणि साधारण ८२.५ हर्ट्झ. हे दोन स्वर स्वच्छ अँपमधून गेले तर दोनच राहतात. गेनच्या टप्प्यातून एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा स्वरही तयार होतो, २७.५ हर्ट्झ, मुळाच्या एक सप्तक खाली. गिटारचा स्पीकर तो धड वाजवूही शकत नाही, पण पुढच्या प्रत्येक ट्यूबमध्ये तो जागा खातो आणि प्रत्येक टप्पा आणखी चेपतो. ई ट्यूनिंगमध्ये हेच होतं, पण तिथं फरकाचा स्वर ४१ वर असतो, जरा निभावतं. ए वर निभावत नाही. आणि एकदा क्लिप झाल्यावर (लाटेची टोकं कापली गेल्यावर) नंतर ईक्यूनं बास कापला तरी चिखल फारसा हलत नाही, कारण तो आता मिड्समध्ये मिसळलेला असतो. बास कापायचा तर गेनच्या आधी.

म्हणून दुसऱ्या फेरीत अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर, एक ओव्हरड्राइव्ह पेडल. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्या जोडीमुळं ७२० हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू कमी होत जातं. या पेडलला आपण बूस्ट म्हणतो, पण हाय-गेनमध्ये त्याचं खरं काम कापण्याचं. मिरजेचा तो दोरा मला इथं आठवला. झणझण हवी तर ती नेमकी कुठं सुरू व्हावी ते तारेजवळच ठरवावं लागतं.

फरक ऐकून मी, मित्र आणि माझा मावसभाऊ, तिघेही गप्प झालो. ६५०५ चा प्री गेन मी ७ वरून ४ वर आणला आणि रिफ आधीपेक्षा जास्त जड वाजला. प्रत्येक म्यूटला पुढची धार आणि मागं स्वच्छ थांबा. लो ४, मिड ५, हाय ५.५, रेझोनन्स ४, प्रेझेन्स ६. ही सेटिंग आता टेपवर लिहून हेडवर चिकटवली आहे.

रेक्टिफायरही सुधारला, पण त्याच्यात एक जाडपणा उरतोच, आणि मला वाटतं तो ठेवावाच. रुंद, सावकाश कॉर्डना, डूमच्या अंगानं जाणाऱ्या रिफना तो हवा. जलद सिक्स्टीन्थ नोट्सना नको. २२०४ मध्ये मात्र मजा आली. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळं ती ट्यूब मुद्दाम थंड, म्हणजे कमी करंटवर, चालते आणि लाटेची एक बाजू लवकर कापते. सोल्डानोच्या एसएलओ-१०० अँपमध्ये त्याच कामाला ३९ किलोओहम आहे, आणि रेक्टिफायरही त्याच घराण्यातला. मार्शलचा गेन मोजका, म्हणून पॉवर कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. पेडलसकट तो ड्रॉप ए ला उभा राहील असं मला वाटलं नव्हतं. राहिला.

खरा वाद पोहे झाल्यावर पेटला. मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डेथकोर आणि थॉल हे मेटलचे नवे प्रकार ऐकतो. मित्र जुन्या थ्रॅश मेटलचा, त्याच्या लेखी स्लेयरच्या केरी किंगचा जेसीएम८०० म्हणजे शेवटचा शब्द. तो म्हणाला, “आत्ताचे सगळे बँड एकाच सॉफ्टवेअरमधून निघाल्यासारखे वाजतात. रिफ कुठंय? नुसता एक स्वर आणि थांबा.” भाऊ लगेच, “दादा, त्या थांब्यातच तर रिफ आहे.”

मी बराच वेळ मित्राच्या बाजूनं होतो. पण दुपारी ऐकलेल्या ट्रॅकनंतर मला भावाचं म्हणणं पटायला लागलं. मेशुगा या स्वीडिश मेटल बँडमध्ये स्वर दोन-तीनच असतात, पण डाव्या-उजव्या हाताचा हिशेब आणि मागं चालणारे चार ठोके यांचं गणित इतकं लांब जातं की सम कधी येणार याची वाट बघावी लागते. तबला ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथं नॉइज गेट हे आवाज झाकायचं यंत्र उरत नाही, शांतता कापून देणारं वाद्य होतं. आणि त्या शांततेसाठी गेन कमी, बास आधी कापलेला, हात काटेकोर हेच लागतं. म्हणजे नव्या मेटलची गरज आणि जुन्या मार्शलची सवय एकच निघाली.

मित्राच्या तक्रारीतलं खरं तेही मांडतो. सगळ्यांकडं तेच आठ-दहा कॅप्चर, तेच आयआर, ड्रम ग्रिडला चिकटवलेले, गिटारसुद्धा तुकड्या-तुकड्यानं वाजवून जोडलेली. अशानं आवाज सारखा होणारच. पण हा दोष ट्यूनिंगचा नाही आणि शैलीचाही नाही. स्टॉकहोमच्या बँडनी बॉस एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलची चारही बटणं पूर्ण फिरवली, शेकडो जणांनी तेच केलं, तरी त्यांतला एंटूम्बड ऐकताक्षणी ओळखू येतो. आपल्याकडं बंगळूरचा क्रिप्टॉस जुन्या वळणाचं हेवी मेटल वाजवतो, मुंबईचा भयानक मौत दुसऱ्या टोकाला. कुणीच कुणासारखं वाजत नाही. संध्याकाळी साडेपाचला मित्र एवढंच म्हणाला, “गेट लावून एकदा मलाही वाजवू दे.” त्यानं अर्धा तास गिटार सोडली नाही.

एक गोष्ट मोजून ठेवली आहे, तुमच्याकडंही मोजा. दुपारी दोनला सॉकेटवर २३१ व्होल्ट होते, संध्याकाळी सातला २०८. ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, त्या हिशेबानं ते ५.७ पर्यंत उतरले. ६५०५ सातनंतर मऊ आणि दमल्यासारखा वाजत होता, तोच रिफ, तीच बटणं. महिनाभर मी यासाठी ट्यूबना दोष देत होतो आणि नव्या पॉवर ट्यूब मागवायच्या बेतात होतो. आता आधी स्टॅबिलायझर. आणि तुलना करायची तर एकाच वेळी, मल्टिमीटर बघून.

पुढचं काम ठरलंय. कोल्हापूरच्या त्या स्टुडिओत दोन तास मिळालेत, खरा रेक्टिफायर घेऊन, सिलिकॉन डायोड आणि ट्यूब रेक्टिफायर दोन्ही खटक्यांवर हाच डीआय पाठवायचा. सोबत ६६ ची तार नेतोय. ६४ ची तार ए वर अजून थोडी ढिली पडते, जोरात मारली की सुरुवातीला स्वर वर चढून मग खाली बसतो. ६६ ची जमली तर नटची खाच वाढवायला पुन्हा मिरजेला.