सेठजींचं पान

फोर्टात वकिलांच्या ऑफिसांच्या गर्दीत माझं भाषांतराचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, मृत्युपत्रं असं काय काय येतं. जुना इंग्रजी दस्त आला की मी पानाचा दर वाढवून सांगते. नवा शब्द अडला तर निदान अडला हे कळतं. जुना शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतो आणि तिथेच घात होतो.

गेल्या पावसाळ्यात गिरगावातले एक काका आले. वय ऐंशीच्या घरात. प्लास्टिकच्या पिशवीत १८६८ सालच्या दस्ताची झेरॉक्स आणि त्याचं टाईप केलेलं मराठी भाषांतर, कागद पिवळा पडलेला.

"हे आमच्या वडिलांनी करून घेतलं होतं. तुम्ही फक्त शुद्धलेखन नीट करून द्या. वाडीचा पुनर्विकास निघालाय, रविवारी सगळी भावंडं बसणार आहेत."

भाषांतरात असं होतं की जमिनीचे मालक असलेले सेठजी आपल्या मृत्यूनंतर ही जागा काकांच्या खापरपणजोबांना शेतीकरिता, नव्याण्णव वर्षांपर्यंत देत आहेत आणि तिचं वार्षिक उत्पन्न वीस रुपये आहे.

"शेती? गिरगावात?"

"अहो, तेव्हा वाड्याच होत्या तिथे. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट. नावं काय उगाच पडली?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मूळ दस्तात जागेचा उल्लेख 'ओआर्ट' असा होता. हा शब्द साध्या इंग्रजी शब्दकोशात सहसा सापडत नाही. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो आहे. पोर्तुगीज 'ओर्ता' म्हणजे बाग. त्यावरून पश्चिम किनाऱ्यावरच्या इंग्रजांनी नारळीच्या बागेला ओआर्ट म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आपली वाडीच. एवढं पाहून मीही क्षणभर शेतीवर विश्वास ठेवला.

मग मूळ वाक्य वाचलं. 'डिमाइज, ग्रँट अँड टू फार्म लेट.'

मी चष्मा काढून पुसला. उगाचच.

आजच्या इंग्रजीत डिमाइज म्हणजे मृत्यू. पण इथे तो क्रियापद म्हणून आलाय आणि दस्ताच्या भाषेत त्याचा अर्थ आहे भाडेपट्ट्याने देणं. मुळात हा शब्द मालमत्ता एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाण्याचा. राजा मेला की मुकुट वारसाकडे जाई, त्या हस्तांतराला इंग्लंडात 'डिमाइज ऑफ द क्राउन' म्हणत. पुढे लोकांनी मुकुट सोडून दिला आणि मरण तेवढं ठेवलं.

फार्मचीही तीच गत. फार्म म्हणजे आधी ठरवून दिलेली रक्कम, खंड. शेत हा अर्थ मागाहून चिकटला. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिलं, तो याच जातीचा फार्म. मोल्सवर्थच्या कोशात आपल्या 'मक्ता'चा अर्थ सांगताना हाच फार्म येतो. आपला मक्ता पुढे मक्तेदारीत जाऊन बसला, त्यांचा फार्म शेतात. (मुंबईच्या जमिनीच्या कागदांवर 'पेन्शन अँड टॅक्स' हा प्रकार अजून दिसतो. एका तरुण वकिलाने मला गंभीरपणे विचारलं होतं, कोणत्या खात्यातून रिटायर झालेल्यांची जमीन ही? तिथे पेन्शन म्हणजे जमिनीपोटी भरायची ठराविक रक्कम.)

आणि वीस रुपये हे उत्पन्न नव्हतं. 'यील्डिंग अँड पेइंग' म्हणजे दरवर्षी मालकाला द्यायचं भाडं. जुन्या भाषांतरकाराची कमाल अशी की एक चूक दुसरीला टेकू देत होती. शेती म्हटल्यावर उत्पन्न आलंच आणि मृत्यू म्हटल्यावर दान आलं. वाचताना कुठेच ठेच लागत नव्हती.

काकांना सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

"म्हणजे दिली नव्हती जागा?"

"दिली होती. भाड्याने."

"वडील दर वर्षी सेठजींच्या घराण्याच्या ट्रस्टमध्ये पैसे भरायचे. आम्हाला वाटायचं धर्मादाय."

मग ते बोटांवर मोजू लागले. अडुसष्टात नव्याण्णव मिळवले. मी उत्तर सांगितलं नाही, त्यांचं त्यांनी काढलं.

"सदुसष्ट साली मी गिरणीत लागलो."

त्या नव्याण्णव वर्षांकडे घरात कुणी कधी लक्षच दिलं नव्हतं. इनामाच्या सनदेत यावच्चंद्रदिवाकरौ लिहितात तसलंच काही असेल असं सगळे समजत आले होते. मुदत संपली म्हणजे उद्या सामान रस्त्यावर येतं असं नाही, पुढचं वकिलाला विचारा, असं मी सांगितलं. ते खरंही होतं, पण त्या वेळी मला ते तोंडदेखलं वाटलं. भाषांतर नव्याने केलं. 'मृत्यूनंतर' काढून 'भाडेपट्ट्याने' लिहिलं, खाली सही-शिक्का केला. इतक्या वर्षांत कुणाचं घर असं एका शब्दाने हलवलं नव्हतं मी.

काकांनी पैसे मोजून दिले, कागद पिशवीत घातले, आणि दारात थांबले.

"सर्वपित्रीला आमच्याकडे एक जास्तीचं पान वाढतात. सेठजींचं. जागा देऊन गेले म्हणून. आजी वाढायची, आई वाढायची, आता सून वाढते."

मी काय बोलणार?

"यंदाही वाढायला सांगतो," ते छत्री उघडत म्हणाले. "माणूस वारला तर असेलच ना केव्हातरी."