रिकामं दुकान आणि नवी गादी

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या आसपास गेली होती. आमच्या साड्यांच्या दुकानात पाणी छातीला लागलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर प्लायवूडची कपाटं फुगून त्यांचे पापुद्रे सुटले होते. चार दिवस चिखल उपसला, फरशी धुतली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मी ते दुकान पूर्ण रिकामं पाहिलं.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "होतं तसंच करून घ्या, दिवाळी गाठायचीय." एका डिझायनरकडून आराखडाही आला. काचेच्या शोकेस, पिवळे स्पॉटलाइट, छताला लाकडी पट्ट्या. चित्र देखणं होतं. पण त्यात आमचे मामा कुठे बसणार, ते काही केल्या सापडेना. मामा आमचे सगळ्यात जुने सेल्समन. गादीवर मांडी घालून साडी उलगडण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय, आणि दर साडीला उठून मागच्या रॅककडे जाण्यात दोन्ही गुडघे.

मी आराखडा बाजूला ठेवला. माळ्यावर वाचलेला माल तात्पुरता मांडून धंदा सुरू केला आणि आठवडाभर वही घेऊन कोपऱ्यात बसले. कोण कुठे अडतं, कोण किती वेळा वाकतं, उठताना कोण भिंतीचा आधार घेतं, एवढंच लिहायचं. तिसऱ्या दिवशी एक आजी नातीच्या बस्त्याला आल्या होत्या. सगळं घर गादीवर बसलं आणि आजी दोन तास दाराजवळ उभ्या राहिल्या, कारण एकदा खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागणार. घरात शालूवर शेवटचा शब्द त्यांचाच, आणि त्यांना शालूचा काठसुद्धा नीट दिसत नव्हता.

गादी काढून सरळ काचेचं काउंटर टाकायचं, असं बरेच जण सुचवत होते. मला ते पटेना. साडी गादीवरच खुलते. पांढऱ्या चादरीवर पदर टाकला की काठ आणि बुट्टे एका नजरेत दिसतात, आणि बस्त्याला तीस-चाळीस साड्यांचा ढीग काचेवर घसरतो. म्हणून गादी ठेवायची, फक्त ती उचलायची, असं ठरवलं.

किती उचलायची हे कागदावर ठरलं नाही. पुरात निखळलेल्या दाराची फळी दोन क्रेटवर टाकली, वर गादी अंथरली आणि मामांना साडी दाखवायला सांगितली. आधी 3 फूट केलं. मामा उभे राहून खूश होते, पण समोर खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंना गादी पार छातीशी येत होती. 24 इंच केलं तर मामांची कंबर वाकायला लागली. शेवटी 30 इंचांवर जमलं. समोर गिऱ्हाइकाला 18 इंच उंचीच्या, हात असलेल्या खुर्च्या. हात हवेतच, म्हातारं माणूस त्यांच्यावर भार देऊन उठतं. गादीखाली पोकळी ठेवली, त्यामुळे मामा स्टुलावर बसून पाय आत घेऊ शकतात. गादीची पुढून मागपर्यंतची रुंदी साडेतीन फूट, म्हणजे पदर समोरच्या माणसापर्यंत पोचतो आणि मामांना अंग झोकून द्यावं लागत नाही. रोज निघणारा माल गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या खणांत, बसल्या जागी हाताला लागेल असा. ठेवणीतला वर.

अण्णांना स्टूल खटकलं. "गिऱ्हाईक आल्यावर माणसानं उभं राहायला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना केरळमधल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांची गोष्ट सांगितली. त्यांना दिवसभर बसू दिलं जात नसे. त्या लढल्या, आणि 2018 मध्ये केरळनं बसण्याची सोय कायद्यातच घातली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराला त्यांनीच विचारलं, "स्टुलाला पाठ टेकायची सोय करता येईल का?"

उजेडाचं काम सगळ्यात अवघड गेलं. जुन्या दुकानात बायका साडी उचलून दारात नेत, "उजेडात बघू दे गं." शिवाय दुकानात मोरपंखी दिसलेली साडी घरी हिरवी निघाली, म्हणून परत यायची. पिवळ्या स्पॉटलाइटनं जरीकाठ छान झळकतो, पण जांभळा रंग मेल्यासारखा दिसतो. इलेक्ट्रिशियननं मला दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआय वाचायला शिकवलं. रंग किती खरे दिसतील, त्याचा तो आकडा. साध्या एलईडीला 80च्या आसपास असतो. गादीवर आम्ही 90च्या वरचे, 4000 केल्विनचे, म्हणजे ना पिवळा ना निळसर उजेड देणारे घेतले. महाग पडले, पण साड्या दारात जायच्या थांबल्या. आरशाजवळचे दिवे मी डोक्यावरून काढून दोन्ही बाजूंना लावायला सांगितले. खांद्यावर पदर टाकून बाई आधी स्वतःचा चेहरा बघते, आणि वरून उजेड पडला की डोळ्यांखाली काळं दिसतं.

दाराशी 6 इंचांची पायरी होती, तिला 6 फुटांचा उतार केला. एकास बारा हे प्रमाण व्हीलचेअरसाठी ठरलेलंच आहे. रस्त्यावर यायला नको म्हणून तो भिंतीलगत आडवा घेतला.

आता संडासाचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे चार मुली कामाला. जुन्या दुकानात सोय नव्हती, आराखड्यातही ती जागा मालाला दिली होती. एकीला सहज विचारलं, दिवसभर पाणी किती पितेस? ती म्हणाली, "वहिनी, घरी गेल्यावर पिते." इतकी वर्षं मी त्याच दुकानात वावरत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. स्टॉकच्या खोलीतून 4 बाय 4 फूट काढले. तेवढ्या जागेत दोनशे साड्या राहिल्या असत्या, हा हिशेब मला अनेकांनी ऐकवला. पण ती जागा दिली यात मला एकदाही चूक वाटली नाही.

पाण्याचा विचार तर होताच. साडेतीन फुटांखाली प्लाय नाही, लोखंडी चौकटी. खालच्या खणांत सुटे क्रेट. प्लग पॉइंट सगळे साडेचार फुटांवर.

जुलै 2021 मध्ये परत पूर आला. संध्याकाळी पुलाची पातळी वाढतेय म्हटल्यावर मुलींनी क्रेट हातोहात माळ्यावर चढवले, मामांनी गादी गुंडाळली, फळ्या सोडवल्या. रात्री अकराला शटर ओढलं. पाणी मांडीपर्यंत आलं. ओसरल्यावर आम्ही चौकटी धुतल्या, फळ्या परत बसवल्या आणि आठवड्यात दुकान उघडलं.

गल्ला मात्र चुकला. तो मी दाराशीच ठेवला, त्यामुळे लगीनसराईत बिलाची रांग आत येणाऱ्यांना आडवी येते. तो आतल्या भिंतीला न्यायचाय. कुठे, ते ठरवायला परवाच क्रेटवर फळी टाकून ठेवलीय. सध्या मामा तिथे बसून पावत्या लिहून बघतायत.