नळाला क्लोरीन, कॅनमध्ये शून्य

छावणीत कावीळ पसरू लागली आणि पहिलं बोट आम्ही पुरवत असलेल्या पाण्याकडे वळलं. साहजिकच. लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं, दाटीवाटीचे तंबू, अपुरे संडास. हिपॅटायटिस ई ला, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीला, आणखी काय हवं? २०१२ मध्ये दक्षिण सुदानच्या माबानमध्ये, ब्लू नाइलहून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत हाच आजार पसरला होता. गरोदर बायांच्या तो जिवावर बेततो.

माझी नोंदवही मात्र चोख. पाणी तुरटीने निवळून गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणायचा, मग डोस ठरवायचा. सत्तर टक्क्यांची क्लोरीन पावडर लिटरला १५ ग्रॅम, की झालं साधारण एक टक्क्याचं द्रावण. वीस-वीस लिटरच्या चार बादल्यांत ते ३, ४, ५, ६ मिली घालून अर्धा तास थांबायचं. चार मिलीच्या बादलीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं, तर १०,००० लिटरच्या ब्लॅडर टाकीला (पिशवीसारखी लवचीक टाकी) २ लिटर द्रावण. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. आधीच मोजलं तर आकडा फुगलेला येतो, कारण पाण्यातली घाण अजून क्लोरीन खातच असते. नवी मुलं नेमकी इथे घाई करतात.

नळावर रोज ०.५. मदतकार्यासाठीच्या 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय मानकांचा निकष ०.२ ते ०.५. वरून उत्तर आलं, "आकडे निकषात आहेत." झालं, विषय संपला त्यांच्यापुरता.

त्या दुपारी पूल टेस्टर, म्हणजे क्लोरीन मोजायचं छोटं साधन, घेऊन मी तंबूंत गेलो. सकाळी भरलेल्या जेरीकॅनमधलं पाणी घेतलं, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी चुरून टाकली. गुलाबी छटासुद्धा नाही. पुढच्या तंबूत तेच, त्याच्या पुढच्यातही. एक कॅन उन्हात धरून आत डोकावलो तर कडेने हिरवा, बुळबुळीत थर. तोंड इतकं अरुंद की हात आत जात नाही. हे कॅन ज्याने पसंत केले त्याने एकही कधी धुतला नसणार. निम्मं क्लोरीन त्या थरातच खलास, उरलेलं उकाड्यात.

मग कॅनधुलाई काढली: मूठभर खडी, थोडं क्लोरीनचं पाणी, झाकण लावून पाच मिनिटं खळखळवायचं, तीनदा विसळायचं. सोबत डोस अडीच लिटरवर नेला, म्हणजे नळावर १ मिळेल.

चौथ्या दिवशी कॅन आतून स्वच्छ, नळावर बरोबर १, आणि सकाळी तंबूत पुन्हा बिनरंगी पाणी. दुभाष्याकरवी विचारलं. बाई म्हणाल्या, वास येतो ना, म्हणून रात्रभर झाकण काढून ठेवतो.

वास कमी यावा म्हणून सध्या नळावर ०.८ ठेवून पाहतोय. घरातल्या कॅनसाठी अहवालात रकाना नाही, ते आकडे मी समासात लिहितो.