थिबा राजवाडा, रत्नागिरी: सोमवारी जाऊ नका आणि नुसतं 'थिबा' सांगून रिक्षात बसू नका

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याचं राज्य घेऊन इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं होतं, त्याचा हा राजवाडा सोमवारी बंद असतो. आम्ही नेमके सोमवारीच पोचलो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

त्याआधी रिक्षाचं. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे, पहाटे उतरलं की रिक्षावाले अडवतातच. आमच्याकडून चारशे घेतले आणि 'थिबा' म्हटल्यावर थेट थिबा पॉइंटला नेऊन सोडलं, तिथून खाडी छान दिसते पण राजवाडा तो नव्हे, मग बॅगा घेऊन भर पावसात चालत यावं लागलं. दोन ठिकाणं जवळ असली तरी वेगळी आहेत. सामान कमी असेल तर सरळ मुख्य रस्त्यावर या आणि शहराकडे जाणारी एसटी पकडा. रिक्षाच करायची तर भाडं बसायच्या आधी ठरवा आणि पत्ता 'थिबा पॅलेस' असाच सांगा.

आता वाडा. व्हिडिओ बघून सिंहासन, सोनं, राजेशाही फर्निचर असं काही डोक्यात असेल तर निराशा होणार. सिंहासन इंग्रजांनी कलकत्त्याला नेलं होतं, ते १९४८ साली ब्रह्मदेशाला परत गेलं. तळमजल्यावर पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते अर्ध्या तासात बघून होतं.

बघायचं ते बांधकाम. तीन मजली, लाल, उतरत्या छपरांचा वाडा, आणि खिडक्या! अर्धवर्तुळाकार, लाकडी, कोरीव. मी एकाच खिडकीपाशी बराच वेळ उभा होतो, पावसाळी उजेडात ती नक्षी इतकी बारीक दिसत होती की हात लावायचा मोह आवरावा लागला. सागाच्या लाकडावरूनच थिबाचं राज्य गेलं, ब्रह्मदेशात सागाची तोड करणाऱ्या बॉम्बे बर्मा या इंग्रज कंपनीला ठोठावलेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली युद्ध पुकारलं, आणि आपण इथे उभं राहून लाकडावरचीच नक्षी बघत असतो, मला तर पुढे जाववेना. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा नाचाचा हॉल आहे. मागच्या बाजूला राजाने सोबत आणलेली बुद्धमूर्ती आहे, बरेच लोक ती न बघताच निघतात, तसं करू नका.

मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. थिबा रत्नागिरीत आला १८८६ ला आणि हा वाडा झाला १९१० ला. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढली आणि इथे जेमतेम सहा, १९१६ ला तो गेलाच. राणी सुपयालत १९१९ ला ब्रह्मदेशात परतली, राजा मात्र इथेच राहिला.

म्हणून समाधी चुकवू नका. ती वाड्यात नाही, शिवाजीनगर भागात वस्तीच्या मध्ये आहे, आम्हाला तीन जणांना विचारावं लागलं. पावसाळ्यात येणार असाल तर चांगल्या पकडीचे बूट घाला, चिऱ्यावर शेवाळ धरलं की पाय टिकत नाही, माझा गुडघा अजून दुखतोय.

समाधीला जाताना फुलं बाजारातूनच घेऊन जा, आम्हाला जवळपास कुठे मिळाली नाहीत आणि रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं.